जुने आजार आणि मेंदूकडे जाणाऱ्या वाटा

मेंदूच्या अगदी खोलवरच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फार बारीक असतात, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. पण त्या निघतात थेट एका मोठ्या धमनीतून, जवळजवळ काटकोनात. इतर ठिकाणी मोठ्या धमनीला फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या फुटतात, आणि दर टप्प्याला रक्ताचा दाब थोडा थोडा उतरत जातो. इथे मधले टप्पेच नाहीत. मोठ्या धमनीतला दाब फारसा न उतरता या बारीक नळ्यांवर येऊन पडतो. रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात, लवचीकता जाते, आतली जागा अरुंद होते. मग दोनपैकी एक घडतं. नळी बुजते आणि पलीकडचा मेंदूचा तुकडा रक्ताविना मरतो, किंवा दुबळी झालेली भिंत फुटते आणि मेंदूत रक्तस्राव होतो. आजार एकच, धमनीही तीच, आणि पक्षाघात मात्र दोन अगदी उलट प्रकारचे.

बीपी, शुगर, हृदयाचे अनियमित ठोके, किडनीचा विकार या जुन्या आजारांविषयी बोलताना ‘यामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो’ एवढंच सांगून बहुतेक जण थांबतात. धोका वाढतो हे खरंच आहे. पण प्रत्येक आजार मेंदूपर्यंत आपापल्या वाटेनं पोचतो. ती वाट कोणती हे कळलं नाही, तर माणूस रोज इमानेइतबारे पाच गोळ्या घेत असतो आणि नेमकी जी वाट बंद करायला हवी तीच उघडी राहते. असं होताना पाहणं फार क्लेशाचं असतं, कारण अशा कुटुंबांनी हयगय केलेली नसते. काय आणि कशासाठी करायचं, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

रक्तदाबापासून सुरुवात करायची, कारण त्याच्याएवढा मोठा वाटा दुसऱ्या कुठल्याच आजाराचा नाही. ३२ देशांमध्ये केलेल्या ‘इंटरस्ट्रोक’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. बदलता येण्याजोग्या दहा कारणांशी सुमारे ९० टक्के पक्षाघातांचा संबंध जुळतो आणि त्यात एकट्या रक्तदाबाचा वाटा जवळपास निम्मा आहे, असं त्यातून दिसलं. त्याआधी २००२ मध्ये दहा लाख लोकांची माहिती एकत्र करून केलेलं एक विश्लेषण आलं होतं. चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान, ११५/७५ पासून वर जाताना वरचा आकडा दर २० नं किंवा खालचा आकडा दर १० नं वाढला, की पक्षाघातानं मरण्याचा धोका दुपटीहून अधिक होतो, असं त्याचं सार. म्हणजे ११५ च्या तुलनेत १३५ ला दुप्पट, १५५ ला चौपट आणि १७५ ला आठपट किंवा त्याहून जास्त. १४० ही रेघ उपचार ठरवताना सोयीची असली तरी धमनीला ती दिसत नाही. १३८ ला सुरक्षित आणि १४२ ला धोक्यात असं काही नसतं. उलट १७० वरून १५० वर आलेल्या माणसानं अजून ध्येय गाठलेलं नसलं तरी पुष्कळ कमावलेलं असतं, आणि हे त्याला आवर्जून सांगायला हवं.

‘वय झालं की बीपी थोडं असायचंच’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाटतं. साठीनंतर धमन्या ताठर झाल्यामुळे वरचा आकडाच तेवढा चढतो आणि खालचा साधारणच राहतो, तेव्हा तर ते हमखास ऐकू येतं. १९९१ च्या एका मोठ्या चाचणीत नेमक्या अशाच, म्हणजे फक्त वरचा आकडा चढलेल्या वृद्धांना उपचार दिले, तर पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटले. २००८ मध्ये ऐंशी आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांवरची चाचणी आली. त्या वयातही उपचारांचा फायदा इतका स्पष्ट दिसला की ती मुदतीआधीच थांबवावी लागली.

‘गोळी चालू आहे’ आणि ‘बीपी आटोक्यात आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातलं अंतर फक्त मोजूनच कळतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, यावरून काहीच ठरत नाही. वरचा आकडा १८० असलेल्या माणसालाही पुष्कळदा काही जाणवत नसतं. म्हणून मोजण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण चुकीचं मोजलेलं बीपी हे न मोजलेल्या बीपीपेक्षा अधिक फसवं असतं.

यंत्र दंडावर बांधायचं घ्यावं. मनगटाचं यंत्र हाताच्या उंचीनुसार आकडे बदलत राहतं. दंडाच्या पट्ट्यातली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या किमान तीन चतुर्थांश भागाला वेढणारी हवी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच चढलेला येतो, आणि अशा माणसाच्या गोळ्या विनाकारण वाढतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम नको. लघवीला जाऊन यावं, कारण भरलेल्या मूत्राशयानंही आकडा चढतो. मग खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. ‘गप्प’ हा शब्द शब्दशः घ्यावा, बोलत बोलत मोजलेलं बीपी वाढलेलंच येतं. हात टेबलावर टेकलेला आणि पट्टा हृदयाच्या पातळीत हवा. हात खाली लोंबकळत राहिला की आकडा चढतो. बाहीवरून पट्टा बांधू नये. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं, सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेली ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर तो उच्च रक्तदाब. पहिल्यांदा दोन्ही हातांचं बीपी बघावं. फरक दहाहून अधिक असेल तर पुढे ज्या हाताचा आकडा जास्त त्याच हातावर मोजत राहावं, आणि तो फरक डॉक्टरांना सांगावा, कारण एका हाताची धमनी अरुंद झाल्याची ती खूण असू शकते.

वृद्धांचं आणि मधुमेहींचं बीपी उभं राहिल्यावरही मोजावं, एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं घसरला, तर गोळ्यांची वेळ किंवा निवड बदलावी लागते. याकडे लक्ष दिलं नाही तर माणूस चक्कर येऊन पडतो, घाबरतो आणि सगळ्याच गोळ्या सोडून देतो. पडल्यामुळे नव्हे, तर त्यानंतर गोळ्या सोडल्यामुळे पक्षाघात झाला, असा क्रम अनेकदा असतो.

गोळी एकाएकी सोडणं आणि बीपी एकाएकी उतरवणं, दोन्ही घातक. क्लोनिडिनसारखी बीपीची गोळी अचानक बंद केली तर रक्तदाब आधीपेक्षाही वर उसळी मारतो. याउलट, मोजलं आणि २०० आलं म्हणून जिभेखाली निफेडिपिन या बीपी उतरवणाऱ्या औषधाची कॅप्सूल फोडण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. मेंदू आपला रक्तपुरवठा दाबाच्या ठरावीक पट्ट्यात स्वतःच सांभाळतो. ज्याचं बीपी अनेक वर्षं चढलेलं आहे, त्याच्यात हा पट्टाच वर सरकलेला असतो. अशा माणसाचा दाब मिनिटांत खाली आणला तर तुमच्याआमच्या दृष्टीनं तो नॉर्मल होतो, पण त्याच्या मेंदूला रक्त कमी पडतं. छातीत दुखणं, धाप, बोलण्यात किंवा हातापायात बदल अशी कुठलीही लक्षणं नसतील, तर वाढलेला आकडा दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशेबानं उतरवायचा असतो.

तीन गोळ्या, त्यात एक लघवी वाढवणारी, पूर्ण मात्रेत आणि खरोखर नियमित घेऊनही बीपी उतरत नसेल, तर चौथी गोळी लिहिण्याआधी कारण शोधावं. सांधेदुखीसाठी रोज घेतली जाणारी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन, स्टिरॉइड, महिनोन्महिने घेतलेलं ज्येष्ठमध, ही सगळी रक्तदाब चढवतात, आणि ‘कोणती औषधं चालू आहेत’ या प्रश्नाच्या उत्तरात यातलं एकही येत नाही. किडनीच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून जास्त प्रमाणात पाझरणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक हे दुसरं कारण, तपासलं तर सापडतं. तिसरं म्हणजे झोपेत श्वास अडकणं. मोठ्यानं घोरणं, मधेच श्वास थांबणं, गुदमरून जागं होणं आणि दिवसभर पेंगणं असेल तर झोपेची तपासणी करून घ्यावी. रात्री उतरायला हवा तो दाब अशा माणसात उतरत नाही. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत झोपेत हवेच्या दाबानं श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र लावल्यानं पक्षाघात किंवा हृदयविकार कमी झाल्याचं दिसलं नाही. त्यात लोकांनी ते रात्री सरासरी साडेतीन तासही लावलं नव्हतं, हेही खरं. झोप सुधारते, बीपी थोडं उतरतं, तेवढ्यासाठी ते जरूर वापरावं. मात्र यंत्र आहे म्हणून बीपीची गोळी सोडता येत नाही.

आता दुसरी वाट, हृदयातून निघणारी. हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरू लागतात, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, बोलताना एएफ. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. कप्पा नीट आकसत नसला की तिथलं रक्त डबक्यातल्या पाण्यासारखं साचून राहतं आणि त्याची गुठळी होते. झडपा धड असलेल्या एएफच्या रुग्णांत हृदयातल्या दहापैकी नऊ गुठळ्या या पिशवीतच सापडतात. तिथून सुटलेली गुठळी मोठी असते. ती मेंदूतली मोठी धमनी अडवते आणि म्हणूनच एएफमुळे होणारे पक्षाघात सरासरीनं अधिक जबर, अधिक जीवघेणे असतात. एएफमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो.

ही वाट बंद करायला ॲस्पिरिन पुरत नाही. धमनीच्या भिंतीवर वेगानं वाहणाऱ्या रक्तात जी गुठळी होते ती मुख्यतः प्लेटलेट्स या रक्तातल्या बारीक कणांची, आणि ॲस्पिरिन प्लेटलेट्सवर काम करतं. साचलेल्या रक्तात होणारी गुठळी मुख्यतः फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांच्या जाळ्याची, आणि तिला रोखायला वॉरफेरिन किंवा अपिक्सॅबन, रिव्हरॉक्सॅबन, डॅबिगॅट्रान यांसारखी गोठणक्रियेवर काम करणारी औषधं लागतात. जुन्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर वॉरफेरिननं एएफमधले पक्षाघात ६४ टक्क्यांनी घटतात, ॲस्पिरिनसारख्या औषधांनी जेमतेम २२ टक्क्यांनी. तरीही ‘वय जास्त आहे, रक्तस्राव होईल’ या भीतीपोटी वृद्धांना ॲस्पिरिनवर ठेवलं जातं. वय जितकं जास्त तितका गुठळीचा धोकाही जास्त, आणि ॲस्पिरिन काही रक्तस्रावाच्या बाबतीत निरुपद्रवी नाही. २०११ मध्ये वॉरफेरिन न चालणाऱ्या रुग्णांत अपिक्सॅबन आणि ॲस्पिरिन यांची थेट तुलना झाली. अपिक्सॅबननं पक्षाघात निम्म्याहून कमी झाले आणि मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं.

औषध कुणाला द्यायचं हे गुणांवरून ठरतं, आणि त्या गुणांची यादी म्हणजे जुन्या आजारांचीच यादी आहे. हृदयाची क्षीणता, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार आणि ६५ ते ७४ हे वय यांना प्रत्येकी एक गुण. ७५ पूर्ण झाल्यास दोन, आधी पक्षाघात झालेला असल्यास दोन. पूर्वी स्त्री असण्याला एक गुण होता, तो युरोपीय मार्गदर्शनात २०२४ पासून काढून टाकला आहे. दोन किंवा अधिक गुण झाले की औषध द्यावं, एक असेल तर विचार करावा. एएफ अधूनमधून येतंजातं की कायम आहे, ठोके जाणवतात की नाही, याला या गणितात जागाच नाही. ‘आता धडधड थांबली, मग गोळी कशाला’ हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण थांबली म्हणून गुण कमी होत नाहीत.

एएफ ओळखायला नाडी बघायला शिकावं. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला पहिलं आणि मधलं बोट ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. क्वचित एखादा ठोका चुकणं वेगळं. कोणताच ठोका ठरल्या वेळी पडत नाही, लय अशी सापडतच नाही, असं वाटलं तर त्याच अवस्थेत ईसीजी काढून घ्यावा. एएफ येऊन जाऊन असेल तर साधा ईसीजी नॉर्मल येतो आणि माणूस निर्धास्त होतो. तेव्हा चोवीस तासांचं किंवा त्याहून लांब मुदतीचं होल्टर, म्हणजे सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, लावावं लागतं. बीपीच्या यंत्रावर एएफमध्ये आकडे दर वेळी वेगळे येतात, म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्यावी.

अपिक्सॅबन, रिव्हरॉक्सॅबन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांचा परिणाम अर्ध्या-एका दिवसात ओसरतो. वॉरफेरिनचा एखादा डोस चुकला तर फारसं बिघडत नाही, यांचा चुकला की संरक्षणच उठतं. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी राहिली तर सहा तासांच्या आत आठवल्यास घ्यावी. एकदा घ्यायची असेल तर बारा तासांच्या आत. त्यानंतर आठवली तर तो डोस सोडून पुढचा वेळेवर घ्यायचा, दोन गोळ्या एकदम कधीच नाहीत. रिव्हरॉक्सॅबनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, उपाशीपोटी ती पुरेशी शोषली जात नाही. अपिक्सॅबनची अर्धी मात्रा देण्यासाठी वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.५ किंवा जास्त यांपैकी दोन गोष्टी लागतात. नुसत्या भीतीनं मात्रा अर्धी केली तर रक्तस्राव फारसा टळत नाही आणि गुठळीला मात्र मोकळीक मिळते.

ऱ्हुमॅटिक तापानं हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झालेली असेल किंवा कृत्रिम धातूची झडप बसवलेली असेल, तर वॉरफेरिनच घ्यावं लागतं. तिथे नवी गोळी म्हणजे अधिक चांगली गोळी, असा हिशेब चालत नाही. ऱ्हुमॅटिक झडपांच्या रुग्णांवर २०२२ साली आलेल्या चाचणीत वॉरफेरिनच्या गटातली औषधंच सरस ठरली. वॉरफेरिनवर असताना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) २ ते ३ च्या दरम्यान हवा, काही कृत्रिम झडपांना त्याहून वर. पालेभाज्या बंद करायच्या नसतात, त्यांचं प्रमाण आठवड्याला साधारण सारखं ठेवायचं असतं. मेट्रोनिडॅझोल किंवा को-ट्रायमॉक्सॅझोल यांसारखं प्रतिजैविक सुरू झालं तर तीन ते पाच दिवसांत आयएनआर तपासावा, तो धोकादायक चढू शकतो.

मधुमेहाबाबत एक समजूत इतकी पक्की आहे की ती हलवायला वेळ लागतो. शुगर आटोक्यात आली की पक्षाघातही टळला, असं गृहीत धरलं जातं. मधुमेहामुळे गुठळीच्या पक्षाघाताचा धोका दुपटीहून अधिक होतो हे खरं. शुगर सांभाळल्यानं डोळे, किडनी आणि नसा वाचतात हेही निर्विवाद. पण नुसती शुगर कडक ठेवून पक्षाघात नक्की कमी होतो, असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. १९९८ साली ब्रिटनमधल्या दीर्घ अभ्यासात मधुमेहींचं बीपी काटेकोर सांभाळल्यावर पक्षाघात ४४ टक्क्यांनी घटले. २००४ मध्ये मधुमेहींना रोज १० मिलिग्रॅम ॲटोरवास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी दिल्यावर ते ४८ टक्क्यांनी घटले, आणि या लोकांचं कोलेस्टेरॉल सुरुवातीला फार वाढलेलंही नव्हतं. म्हणून मधुमेहीच्या वहीत एचबीए१सीच्या (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या) शेजारी बीपी आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, हे दोन रकाने नसतील, तर मेंदूच्या दृष्टीनं ती वही अपुरी आहे. नव्या औषधांपैकी सेमाग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड या गटानं पक्षाघात कमी केल्याचे चांगले पुरावे आहेत, हा अलीकडचा मोठा दिलासा.

शुगर फार उतरली तरी बोलणं अडखळतं, एक बाजू लुळी पडल्यासारखी दिसते. मधुमेहीत पक्षाघातासारखं काही दिसलं तर ग्लुकोमीटर असल्यास लगेच शुगर बघावी, पण त्यासाठी रुग्णवाहिका बोलवायला थांबू नये. गिळता येत नसलेल्याच्या तोंडात साखरपाणी घालू नये.

मानेतल्या धमनीत साचणाऱ्या चरबीची वाट कोलेस्टेरॉल, तंबाखू, बीपी आणि मधुमेह मिळून तयार करतात. ती पुष्कळदा आधी इशारा देते. काही मिनिटं एका डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं होतं, हात बधिर होतो, शब्द सापडत नाहीत आणि मग सगळं पूर्ववत होतं. बरं वाटलं म्हणून घरी थांबण्याची ही वेळ नव्हे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा तात्पुरत्या झटक्यानंतर ९० दिवसांत दहातल्या एकाला पूर्ण पक्षाघात झाला, आणि त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांत. त्याच दिवशी तपासणी आणि उपचार झाले तर हा धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद सापडली तर शस्त्रक्रियेचा सर्वाधिक फायदा पहिल्या दोन आठवड्यांत मिळतो. एकदा असा झटका येऊन गेल्यावर एलडीएल ७० च्या खाली ठेवायचं, आणि स्टॅटिन ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून बंद करायचं नाही. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच.

किडनीचा आजार या सगळ्या वाटांवर उभा असतो. किडनीची रक्त गाळण्याची क्षमता (रिपोर्टमधली ईजीएफआर) ६० च्या खाली गेली की पक्षाघाताचा धोका साधारण ४० टक्क्यांनी वाढतो, आणि लघवीतून प्रथिन जात असेल तर क्षमता चांगली असतानाही वाढतो. उपचारांतही किडनी मध्ये येते. नेहमीच्या मिठाऐवजी २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरल्यावर पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले, असं चीनमधल्या ६०० गावांतल्या अभ्यासातून २०२१ मध्ये दिसलं. एवढ्या साध्या उपायानं एवढा परिणाम क्वचितच मिळतो. पण किडनी निकामी होत चाललेल्यांना किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी घेणाऱ्यांना तेच मीठ घातक ठरू शकतं, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. गोठणरोधक गोळ्यांची मात्राही किडनीवर ठरते. म्हणून वर्षातून किमान एकदा, आणि क्षमता घटलेली असेल तर तीन-सहा महिन्यांनी, क्रिएटिनिन बघावं.

तरुणपणीच्या वाटा वेगळ्या, आणि त्या विसरल्या जातात. सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या गंभीर प्रकारात काही उपाय न करता वीस वर्षांच्या आत सुमारे ११ टक्के मुलांना पक्षाघात होतो. वयाच्या दुसऱ्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत दरवर्षी डोक्याची डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारी, तपासणी करून रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक आढळला, तर नियमित रक्त चढवल्यानं हा धोका ९० टक्क्यांहून अधिक घटतो, हे १९९८ पासून सिद्ध आहे. तपासणी वेदनारहित आहे, सुईसुद्धा टोचावी लागत नाही. तरी कित्येक मुलांपर्यंत ती पोचत नाही, याचं फार वाईट वाटतं. डोळ्यांपुढे नागमोडी रेषा किंवा झगमग येऊन मग डोकं दुखणारी अर्धशिशी असलेल्या स्त्रियांनी इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, दुसरे सुरक्षित पर्याय आहेत. गर्भारपणात बीपी वाढून त्रास झाला असेल तर बाळंतपणानंतर ते उतरलं तरी दरवर्षी मोजत राहावं. ही माहिती वीस वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनाही सांगावी, ते आपणहून विचारतीलच असं नाही.

आजार वेगवेगळ्या डॉक्टरांकडे आणि वेगवेगळ्या फायलींत असतात. एकानं क्लोपिडोग्रेल हे प्लेटलेट्सवर काम करणारं औषध लिहिलेलं असतं, दुसरा पोटासाठी ओमेप्रॅझोल लिहितो आणि पहिल्याचा परिणाम घटतो. तिथे पॅन्टोप्रॅझोल चालतं. दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आठवडाभर बंद केली जाते. वास्तविक एक-दोन दात काढताना बहुतेकदा ती पूर्ण थांबवावी लागत नाही, आणि थांबवायची की नाही हे गोळी देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. कोणतीही शस्त्रक्रिया झाल्यावर ‘गोळी पुन्हा कधी सुरू करायची’ हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नये. बंद करायला सगळे सांगतात, सुरू करायला सांगायचं राहून जातं.

म्हणून एकच कागद ठेवावा, पाकिटात आणि फोनमध्येही. त्यावर सगळे आजार, गोळ्यांची नावं आणि मात्रा, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती रोज किती वाजता घेतली जाते, शेवटचा आयएनआर, क्रिएटिनिन, वजन आणि ॲलर्जी. हा कागद खरा कामाला येतो तो पक्षाघाताच्या वेळी. चेहरा वाकडा झाला, एक हात वर राहीना, बोलणं बिघडलं, अचानक तोल गेला किंवा दिसेनासं झालं, की मिनिटामिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरत असतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास मोजायचे माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून, लक्षणं कुणाच्या लक्षात आली तेव्हापासून नाही. झोपेतून उठताना पक्षाघात आढळला असेल तर रात्री किती वाजेपर्यंत तो ठीक होता, हे सांगावं लागतं.

इंजेक्शन देण्याआधी डॉक्टर शुगर तपासतात, बीपी १८५/११० च्या खाली आहे ना ते बघतात, आयएनआर १.७ च्या वर तर नाही आणि नव्या गोठणरोधक गोळीचा डोस गेल्या ४८ तासांत घेतला होता का, हे विचारतात. घरात कुणालाच माहीत नसेल तर इथेच वेळ जातो. गोळी घेतलेली असली तरी मार्ग संपत नाहीत. मोठी धमनी अडली असेल तर नळी घालून गुठळी काढता येते, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत, आणि डॅबिगॅट्रानवर उताराही उपलब्ध आहे. घरी मात्र ॲस्पिरिन देऊ नये, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅन केल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. बीपी कितीही चढलेलं दिसलं तरी जास्तीची गोळी देऊ नये, त्या घडीला तो दाबच अडलेल्या भागाच्या कडेकडेनं थोडंफार रक्त पोचवत असतो. खायला, प्यायला काही नको. रुग्णाला एका कुशीवर वळवून ठेवावं, रुग्णवाहिका बोलवावी, स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावं, आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला होता ते जाताजाताच फोनवरून कळवून ठेवावं.